सुताची ताकद आणि सुईचा दट्ट्या

कापसाचे सूत किती ओढले म्हणजे तुटते, हा प्रश्न आपल्या सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या रोज विचारला गेला आहे. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी निघाली. पुढे लोक तिला जुनी गिरणीच म्हणू लागले. तिच्यामागून आणखी गिरण्या आल्या, आणि तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांचे माग तर घरोघर होतेच. जुन्या गिरणीचा भोंगा आता वाजत नाही. गिरण्यांचा, संपांचा आणि भोंग्याचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ सांगितला जातो. परंतु कोणत्याही सूतगिरणीत एका कोपऱ्याला एक लहानशी खोली असते, तिचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. ती खोली सूत तपासण्याची.

त्या खोलीची आठवण आज काढण्याचे कारण निराळेच आहे. इंजेक्शनची सिरिंज, शस्त्रक्रियेत टाके घालण्याचा धागा, सलाईनची नळी या वस्तू माणसाच्या अंगाशी येतात, तेव्हा त्या आधी तपासाव्या लागतात. त्या तपासण्याची यंत्रे बनविणारे लोक एका प्रश्नापाशी अडतात: मोटार कोणती घ्यावी, आणि जोर मोजणारे साधन कोणते घ्यावे? तंत्रशाळेतली मुलेही आता असली लहान यंत्रे करून पाहतात आणि गुरुजींना हेच विचारतात. माझे म्हणणे असे की, या प्रश्नाचे निम्मे उत्तर सूत तपासण्याच्या खोलीत फार पूर्वीच सापडले होते.

तिथली रीत अशी. दीड वार परिघाच्या फाळक्यावर सुताचे ८० वेढे घ्यायचे. १२० वारांची एक लडी झाली. गिरणीच्या भाषेत तिला ‘ली’ म्हणतात. ही लडी वरखाली दोन आकड्यांत अडकवायची. खालचा आकडा मिनिटाला १२ इंच या ठरीव वेगाने खाली जातो. वरचा आकडा जड लोलकाला जोडलेला असतो. लडी ताणत जाते तसा लोलक बाजूला उचलला जातो आणि त्याचा काटा कमानदार पट्टीवर सरकतो. लडी तुटली की लोलक आहे तिथेच अडकून राहतो. मग काटा किती पौंडांवर थांबला ते वाचायचे आणि त्याला सुताच्या नंबराने गुणायचे. जाड सूत आणि बारीक सूत यांची तुलना या गुणाकारावरून होते.

आता यात पाहा, मुख्य गोष्टी दोनच आहेत. एकीने ओढायचे आणि दुसरीने किती ओढले ते सांगायचे. पहिलीचा वेग ठरलेला हवा, कारण तेच सूत झटक्याने ओढले तर एक आकडा येतो आणि सावकाश ओढले तर दुसरा. दुसरीने मधे स्वतःचे काही घालता कामा नये. दुसरी अट सांगायला सोपी, पण पाळायला अवघड. लोलक जड असतो. तो एकदा उचलला जाऊ लागला की स्वतःच्या धावेने थोडा पुढे जातो, मग पट्टीवर जो आकडा दिसतो त्यात सुताची ताकद किती आणि लोलकाची धाव किती, हे वेगळे काढता येत नाही. मुंबईत माटुंग्याला १९२४ साली कापसाची तांत्रिक प्रयोगशाळा निघाली. तेव्हापासून आपल्या देशातही सूत आणि तंतू मोजण्याचे शास्त्र पद्धतशीर होत गेले, आणि लोलकाच्या या खोडीची दखल जाणकारांना घ्यावीच लागली.

या खोडीवर उपाय कापडाच्या धंद्यातून निघाला नाही. तो विजेकडून आला, आणि त्याची गोष्ट मोठी गमतीची आहे.

स्प्रिंग जितकी ओढावी तितकी लांबते, हा नियम रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केला. शाळेतला तानकाटा त्याच नियमावर चालतो. पुढे १८५६ साली विल्यम टॉमसन, म्हणजे नंतरचे लॉर्ड केल्विन, यांनी दाखविले की तार ताणली म्हणजे तिच्यातून वीज जायला होणारा विरोधही बदलतो. ही गोष्ट ऐंशी वर्षे पुस्तकातच राहिली. १९३८ साली अमेरिकेत दोघांनी ती एकमेकांपासून स्वतंत्रपणे कामाला लावली. कॅलिफोर्नियात एडवर्ड सिमन्स, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये आर्थर रूज. रूज यांचा प्रश्न आपल्या भागातल्या माणसाला चटकन समजेल. भूकंपाच्या हादऱ्याने उंच पाण्याच्या टाकीवर किती ताण येतो, हे त्यांना मोजायचे होते. १९९३ साली किल्लारीच्या भूकंपाने सोलापुरातलीही माणसे पहाटे घराबाहेर धावली होती. रूज यांनी टाकीच्या नमुन्यावर बारीक तार चिकटवली. पत्रा केसभर लांबला तरी तार लांबते आणि विजेचा आकडा हलतो. धातूच्या ठोकळ्यावर अशा चार पट्ट्या चिकटवून त्यांची वीज एका चौकडीत जोडली की जोर मोजणारा संवेदक तयार होतो. बाजारात त्याला ‘लोड सेल’ म्हणतात. किराणा दुकानातल्या विजेच्या वजनकाट्याच्या पोटात हाच असतो. त्यात झुलणारे काही नाही. धातू केसाच्याही अंशाने वाकतो, एवढीच काय ती हालचाल. लोलकाची धाव येथे जवळजवळ नाहीशी झाली.

आणि हा संवेदक तपासणीच्या यंत्रात पहिल्यांदा बसला तो कशासाठी, तर कापडासाठी! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाई छत्र्यांना नवी कापडे हवी होती. ती तपासण्याच्या कामातून हिंडमन आणि बर या दोघांनी असे यंत्र बनविले आणि १९४६ साली इन्स्ट्रॉन नावाची कंपनी काढली. आज सुताची प्रयोगशाळा असो की सिरिंजची, त्याच घराण्याचे यंत्र दोन्हीकडे दिसते. तेव्हा सूत आणि सुई यांचे नाते मी ओढूनताणून जोडतो आहे असे समजू नका.

आता सुईकडे येऊ. १८५३ च्या सुमारास पोकळ सुई आणि दट्ट्याची नळी प्रचारात आली. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर कितीतरी वर्षे सिरिंज म्हटली की काचेची. काचेची नळी आणि काचेचा दट्ट्या यांची जोडी घासून जुळवलेली असे, आणि जोडी चुकू नये म्हणून दोन्हींवर एकच अंक घालीत. वापरणारा ती उकळून पुन्हापुन्हा वापरी, तिचा हात त्याला ओळखीचा झालेला असे. प्लॅस्टिकची सिरिंज आली आणि हे सगळे बदलले. ती एकदाच वापरायची, रोजच्या रोज लाखांनी बनायची. आपल्या देशात कोविडचे लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाले आणि २१ ऑक्टोबर २०२१ ला १०० कोटी मात्रा पुऱ्या झाल्या. यातली प्रत्येक सिरिंज त्या परिचारिकेच्या हातात पहिल्यांदाच आली आणि शेवटची आली. तिला तिची ओळख करून घ्यायला वेळच नव्हता.

अशा सिरिंजमध्ये काय बिघडू शकते? दट्ट्याच्या टोकाला रबर असते आणि त्याला सरकण्यासाठी तेलासारखा हात दिलेला असतो. तो कमी पडला, किंवा सिरिंज बरेच दिवस कोठारात राहिली, तर रबर नळीला धरून बसते. अंगठ्याने जोर द्यावा तर दट्ट्या हलत नाही. जोर वाढवावा तर एकदम सुटतो आणि औषध भस्सकन आत जाते, सुई हलते, पोर किंचाळते. म्हणून परीक्षकाला दोन आकडे पाहिजेत: दट्ट्या सुटायला लागणारा पहिला जोर, आणि सुटल्यावर चालत राहायला लागणारा जोर. सिरिंजच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात ही तपासणी मिनिटाला १०० मिलिमीटर या वेगाने करायला सांगितली आहे. लडीचा वेग मिनिटाला १२ इंच, दट्ट्याचा १०० मिलिमीटर. प्रश्न एकच, माल निराळा.

टाक्याच्या धाग्याचेही तसेच. तो गाठ मारून ओढून पाहतात, कारण शरीरात धागा गाठीपाशीच दगा देतो. आपल्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि जखमी सैनिकांची सेवा करीत १९४२ साली तिथेच वारले. रणांगणाजवळच्या शल्यवैद्यापाशी धागा तपासण्याचे यंत्र असत नाही. तो दुसऱ्या कोणीतरी आधीच तपासला आहे, असे धरूनच त्याला टाका घालावा लागतो.

ओढणाऱ्या अंगाचा, म्हणजे मोटारीचा, इतिहासही मागापासून फार दूर नाही. यंत्रमागावर धोटा एकदा पलीकडे गेला, बाणा ठोकला गेला, की दातेरी चाक खटक्याने एक दात पुढे सरकते आणि विणलेले कापड तेवढेच पुढे ओढले जाते. अर्धा दात नाही, दीड दात नाही. इंचात बाणे किती बसावेत हे त्या दातांवर ठरते. टप्प्याटप्प्याने फिरणारी स्टेपर मोटार हेच काम विजेने करते. १९१९-२० च्या सुमारास स्कॉटलंडमधील वॉकर नावाच्या अभियंत्याने बारीक दातांच्या अशा मोटारीचे पेटंट घेतले, आणि त्यानंतरच्या काळात ब्रिटिश आरमाराने जहाजावरचा काटा दूरच्या काट्याबरोबर फिरविण्यासाठी तशा मोटारी वापरल्या. १९५२ साली अमेरिकेत लोहचुंबक आणि दाते दोन्ही असलेल्या मोटारीचे पेटंट झाले. आज सर्वत्र दिसते ती मोटार याच वाणाची. तिच्या फिरत्या भागाला ५० दाते असतात. विजेचा एक झटका दिला की ती १.८ अंश फिरते, म्हणजे २०० झटक्यांना एक फेरा. तिला आट्यांचा दांडा जोडला आणि एका फेऱ्याला दांडा २ मिलिमीटर सरकत असला, तर एका झटक्याला सरकणे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतके होते.

मग घ्यावी कोणती? गुरुजी मंडळींनी फळ्यावर हिशेब मांडावा. यंत्राला जास्तीत जास्त १० किलो जोर लावायचा आहे असे धरा. दांडा फेऱ्याला २ मिलिमीटर, म्हणजे ०.२ सेंटीमीटर जातो. साध्या आट्यांत घर्षण फार असते, म्हणून दिलेल्या कामातले शेकडा ३५ च उपयोगी पडते असे धरू. १० ला ०.२ ने गुणले, २ झाले. त्याला ६.२८ ने आणि ०.३५ ने भागले, की सुमारे ०.९ किलो-सेंटीमीटर पीळ येतो. बाजारात ४२ मिलिमीटर चौकोनी तोंडाची मोटार सहज मिळते, तिच्या चिठ्ठीवर साधारण ४ किलो-सेंटीमीटर लिहिलेले असते. चौपटीहून जास्त झाले म्हणून लगेच खूश होऊ नका. तो आकडा मोटार जागच्या जागी धरून उभी असतानाचा. वेग वाढेल तसा तिचा पीळ कमी होत जातो. तेव्हा लागेल त्याच्या दुप्पट पीळ आपल्या चालीच्या वेगाला शिल्लक राहतो की नाही, हे मोटारीच्या आलेखावर पाहून मगच पैसे मोजावेत.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात उशिरा येते. मिनिटाला १०० मिलिमीटर म्हणजे दांड्याचे ५० फेरे, म्हणजे १०,००० झटके. सेकंदाला सुमारे १६७. आणि या जातीच्या मोटारी बहुधा सेकंदाला ५० ते २०० झटक्यांच्या पट्ट्यातच सर्वांत जास्त थरथरतात! ती थरथर दांड्यातून दट्ट्यात आणि दट्ट्यातून संवेदकात जाते. कागदावर आलेख करवतीसारखा उमटतो, आणि पाहणारा म्हणतो की सिरिंज अडखळते आहे. सिरिंज बिचारी ठीक असते, अडखळते मोटार. लोलकाची धाव गेली, तिच्या जागी मोटारीची थरथर आली. उपाय आहे: एका झटक्याचे विजेने आठ किंवा सोळा उपटप्पे करायचे, म्हणजे चाल गुळगुळीत होते. मात्र उपटप्पे सोळा केले म्हणून यंत्र सोळापट अचूक झाले असे विकणारा सांगेल, ते खरे मानू नये. चाल मऊ होते, नेमकेपणा त्या प्रमाणात वाढत नाही.

संवेदक निवडताना उलटी चूक होते. लोक म्हणतात, मोठा घेऊ, मोडायला नको. लहान सिरिंजचा दट्ट्या पुष्कळदा अर्ध्या किलोपासून दोन-एक किलोपर्यंतच्या जोराने चालतो. त्यासाठी १०० किलोचा संवेदक बसविला आणि त्याची चूक पूर्ण मापाच्या दहा हजारांत पाच असली, तर ती झाली ५० ग्रॅम. अर्ध्या किलोच्या मापात शेकडा दहाचा घोळ! तेवढ्याच दर्जाचा ५ किलोचा संवेदक घेतला तर चूक अडीच ग्रॅमवर येते. गूळ तोलायला कोणी गाडीसकट ऊस तोलणारा काटा आणीत नाही. पण मघाच्या हिशेबातली मोटार १० किलोहूनही जास्त रेटू शकते आणि ५ किलोचा संवेदक साधारण दीडपटीपलीकडे कायमचा वाकतो. म्हणून जोर ठरावीक आकड्यावर गेला की मोटारीची वीज आपोआप तुटेल अशी सोय, आणि वर एक लोखंडी अडसर, ही दोन्ही असावीत. दोघांपैकी एक निकामी झाले तर दुसरे हवे.

संवेदक किती भरभर वाचला जातो हेही पाहावे. दट्ट्या सुटतो तो क्षण फार लहान असतो. संवेदकाची वीज वाचणारी एक स्वस्त पट्टी बाजारात मिळते, ती सेकंदाला १० किंवा ८० वेळा वाचते. १० वर ठेवली तर दोन वाचनांमध्ये दट्ट्या मिलिमीटरचा सहावा भाग सरकून गेलेला असतो. जो सर्वांत मोठा आकडा आपल्याला हवा होता तो मधल्यामधे निसटतो आणि वाईट सिरिंज चांगल्यांच्या ढिगात जाते. खरा धोका तो हा. वेळेवर मोडलेले यंत्र निदान बोंब तरी मारते. चुकीचे बरोबर म्हणणारे यंत्र गप्प असते, आणि त्याचा निकाल कुठल्यातरी आरोग्य केंद्रातल्या लहान मुलाच्या दंडावर लागतो.

गप्पपणाचा हा दोष स्टेपर मोटारीतही आहे. जोर जास्त झाला की तिचे टप्पे चुकतात, पण तिला ते कळत नाही. हिशेब ठेवणारा मेंदू मात्र सगळे टप्पे झाले असे धरून पुढे मोजत राहतो. मागावरही पूर्वी हीच अडचण होती. बाणा तुटला तरी दातेरी चाक आपले दात मोजत पुढे जाई आणि कापडात खाली पट्टी राही. त्यावर मागवाल्यांनी एक बारीक काटा बसविला. धोट्यामागे बाण्याचा धागा आहे की नाही हे तो दर खेपेला चाचपून पाहतो, नसला तर माग बंद. तपासणीच्या यंत्रातही तशीच चाचपणी पाहिजे: दांडा खरोखर किती सरकला हे मोटारीला न विचारता वेगळ्या मापनपट्टीने पाहणे. ते परवडत नसेल तर निदान प्रत्येक फेरीनंतर दट्ट्याची दांडी मूळ रेघेवर परत येते की नाही हे पाहणे.

राहता राहिले वजनाने ताडून पाहणे. आपल्या देशाच्या किलोचे माप दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत सांभाळले जाते, आणि चांगल्या वजनांची वंशावळ तिथपर्यंत दाखविता येते. संवेदकाबरोबर परदेशातला दाखला आला तरी इथे तो पुन्हा ताडावा. याचे एक कारण पृथ्वीच देते. तिची ओढ सगळीकडे सारखी नसते. लंडनमध्ये एका किलोवर जेवढी ओढ असते, त्याहून सोलापुरात ती हजारात सुमारे तीनने कमी भरते. दुसरे कारण आपले ऊन. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो, पत्र्याच्या छपराखाली त्याहून अधिक. धातू तापतो, चिकटवलेली तार तापते आणि काही न टांगताही काटा शून्यावरून सरकतो.

वैद्यकीय उपकरणांचे नियम आपल्या देशात २०१७ साली झाले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या कक्षेत आली. त्यामुळे असली यंत्रे आता लहान कारखानदारालाही लागतात, आणि ती विकत घेण्याऐवजी घडवून घेण्याचा विचार पुष्कळ जण करतात. त्यांनी उन्हाळ्याच्या एका दिवशी सकाळी सातला आणि दुपारी दोनला तेच एक किलोचे वजन संवेदकाला टांगून पाहावे, मग मोटार नुसतीच चालू ठेवून काटा किती थरथरतो ते पाहावे, आणि तिन्ही आकडे तारखेसह वहीत लिहून ती वही यंत्राशेजारीच खुंटीला अडकवून ठेवावी.